शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलीला पाळणाघरात ठेवताना काय काळजी घ्यावी?

मुलगी तीन वर्षांची आणि जेवण पाळणाघरातलंच, असं तुम्ही लिहिलंय. मग नुसतं ‘दाणे देऊ नका’ सांगून भागणार नाही. आपल्याकडे दाण्याचं कूट कोशिंबिरीत असतं, भरल्या वांग्यात असतं, सुक्या चटणीत असतं. स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी स्वतः बोला. शक्य असेल तर डबा घरचाच द्या, ताटली-चमचाही वेगळा. संकष्टी-एकादशीला इतरांच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी हमखास येते. त्या दिवशी सगळ्या मुलांचे हात खाल्ल्यावर साबणाने धुवायला सांगा. सॅनिटायझरने दाण्याचा अंश जात नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे डॉक्टरांकडून आणीबाणीच्या सूचना लिहून घ्या आणि तिच्या फोटोसह तिथे लावा. अंगावर गांध्या उठल्या आणि सोबत उलट्या, धाप किंवा मलूलपणा दिसला, तर ॲलर्जीच्या सिरपवर विसंबून थांबायचं नाही. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यावं लागतं. ते कुठे ठेवायचं, कोण देणार, हे डॉक्टरांशी आधीच ठरवा. तिला आडवं ठेवायचं, धाप असेल तर बसवायचं, चालवायचं मात्र नाही, आणि लगेच 108 ला फोन. तुम्हाला फोन त्यानंतर, हे ताईंना निक्षून सांगा.