वाक्यात अडचण कुणाची, ते बघ

प्रिय,

अहवाल मिळाला. ‘अपंग’ खोडून सगळीकडे ‘दिव्यांग’ केलंस, बरं केलंस. 2022 पासून खात्याचंच नाव दिव्यांग कल्याण विभाग आहे, सरकारी कागदाला तोच शब्द लागतो. (पाय नसण्यात दिव्य काय, हे मला आजवर कळलेलं नाही. व्हीलचेअरवरचा माझा मित्र तर या शब्दाने चिडतोच.)

मी अडलो ते पान सहावर. ‘लाभार्थी जिना चढण्यास असमर्थ असल्याने ग्रामसभेस गैरहजर.’ अडचण कुणाची? त्या लाभार्थी बाईंची. मग उपायही बाईंवरच: कुबड्या द्या, नाहीतर घरी जाऊन सही आणा. आता हेच असं लिहून बघ: ‘ग्रामसभा वरच्या मजल्यावर भरते, रॅम्प नाही, म्हणून त्यांना येता आलं नाही.’ सरपंच लगेच विचारतील, सभा खाली शाळेच्या पडवीत घ्यायला काय हरकत आहे? खर्च काय, तर दोन सतरंज्या खाली आणायच्या. आणि ‘लाभार्थी’ कशाला? त्या गावच्या मतदार आहेत, म्हणजे ग्रामसभेच्या सदस्य.

कायद्यानेही हेच वळण घेतलं. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातल्या व्याख्येत वैद्यकीय दाखल्यावरचं किमान 40 टक्के अपंगत्व होतं, म्हणजे मोजमाप फक्त शरीर-मनाचं. 2016 च्या कायद्यात शरीर-मनातली कमतरता आणि वाटेतले अडथळे एकत्र आले. अपंगत्वाचे प्रकारही 7 चे 21 झाले. तरी बऱ्याचशा सवलतींना 40 टक्क्यांची अट अजून आहेच. दाखल्याच्या रांगेत ‘साठवाले इकडे या’ अशी हाक मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे.

तुझ्या तक्त्यात ‘मूकबधिर 3’ आहेत. तिथे ‘कर्णबधिर’ कर. ‘मूक’ लिहिलं की या माणसांना भाषाच नाही असं वाचणारा धरून चालतो, मग दुभाषी बोलवायचं कुणाला सुचणार? तिघांना एकदा एसटी स्टँडवर गाठ. हातांनी काय गप्पा रंगतात! आपण तिथे उभं राहिलो तर मुके आपणच.

शब्दांची यादी माझ्याकडे मागू नकोस, ज्याच्याबद्दल लिहायचं त्यालाच विचार. कुणी सरळ ‘मी आंधळा’ म्हणेल, कुणाला तो शब्द झोंबेल.

पान सहा नव्याने लिहून 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी पाठव. आणि पडवीला किती पायऱ्या आहेत, तेही मोजून ये.

तुझा,
काका