खांब जाड केला की झालं?

पत्राचा गोषवारा: मुलगी बारावीत. सिडकोत आमचा बांधकामाचा व्यवसाय. तिला समुद्रातल्या बांधकामाचं शिकायचंय. नाशिकला समुद्र कुठे? आणि खांब तो खांब, जाड केला की झालं. आम्ही कॉम्प्युटर ठरवलंय, तिला समजवा. (एक वडील, नाशिक)

नमस्कार,

दोन पानांत ‘आम्ही ठरवलं’ तीनदा आलंय. मुलीचं म्हणणं मला समासात, पेन्सिलीने लिहिलेल्या एका ओळीत सापडलं: ‘सर, लाटेने खांब मोडतो की सैल होतो?’ ती ओळ तुम्ही वाचली होती का? मला तिच्या मार्कांची काळजी नाही. स्वतःच्या भविष्याचा प्रश्न जिला वडिलांच्या पत्राच्या कडेला लिहावा लागतो, त्या मुलीची आहे. तिला मी समजावणार नाही, तुमच्याशीच बोलतो.

जाड खांबाचा हिशेब इमारतीचा आहे. गोदेला पूर आला, दुतोंड्या मारुती बुडू लागला, तरी पाणी एकाच दिशेने रेटतं. लाट पुढे ढकलते आणि लगेच मागे ओढते. 8 सेकंदांना एक लाट धरली तर वर्षाला 39 लाखांहून जास्त हेलकावे. मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी 1950 साली मांडलेल्या सूत्रात या जोराचे दोन भाग आहेत: एक पाण्याच्या वेगाचा, दुसरा तो वेग बदलण्याचा. व्यास दुप्पट केला की पहिला दुप्पट होतो, दुसरा चौपट! वर कालवं चढली की खांब आणखी जाड. जाडीने ताकदही वाढते, पण लाटेला अंगही जास्त मिळतं. हा मेळ घालणं हेच तिला शिकायचंय.

वाट सरळ आहे: सीईटी किंवा जेईई, सिव्हिल, मग गेट ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी मद्रासचा ओशन इंजिनिअरिंग विभाग. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात हौदात लाटा उठवून बंदरांचे नमुने तपासतात. समुद्र तिथेही नाही.

आता बेटा, तुझं उत्तर. दोन्ही होतं. लाटेचा जोर पाण्याच्या वरच्या थरात जास्त, पण एकट्या खांबावर वाकण्याचा सर्वाधिक ताण येतो तो खाली, समुद्रतळाजवळ. सततच्या हेलकाव्याने तिथली माती ढिली होते, प्रवाह ती खरवडून नेतो, आणि खांबाची मोकळी लांबी वाढते. मग तो आणखी वाकतो. पुढचा प्रश्न समासात नको, स्वतंत्र कागदावर पाठव.