अंगणातल्या सागवानी बाकाचं पॉलिश दर पावसाळ्यात का सुटतं?

तुमचा प्रश्न असा : साताऱ्यात उघड्या अंगणात सागवानी बाक आहे, दर वर्षी पॉलिश करता, तरी गणपतीपर्यंत पापुद्रे सुटतात. पक्कं सील होईल असं काय लावावं?

माझं घर मेढ्याला, पाऊस तुमच्यापेक्षा जास्तच. माझं ठाम मत आहे की उघड्यावरच्या लाकडाला सील करायच्या भानगडीत पडूच नका. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. घरातल्या फर्निचरचं पॉलिश कडक असतं, ते त्याच्याबरोबर हलत नाही, तडकतं. तडीतून पाणी आत शिरतं आणि वरच्या थरामुळे लवकर सुकत नाही. लाखेचं पॉलिश तर नुसत्या पाण्यानेही पांढरं पडतं.

त्यापेक्षा तेल पाजा. एप्रिल-मे महिन्यात, लाकूड कोरडं ठणठणीत असताना, जुनं पॉलिश पूर्ण खरवडून काढा. आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. पेंटच्या दुकानात बेलतेल मागा, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. पहिल्या हाताला त्यात निम्मं टर्पेंटाइन घाला, म्हणजे ते खोल मुरतं. सावलीत लावा आणि वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून काढा. हे पुसणं टाळलंत तर बाक चिकट राहतो आणि आपल्या दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते. एकेक दिवस सोडून असे तीन हात पुरेत.

खरी काळजी पायांची घ्या. आमच्या बाकाची बैठक शाबूत होती, पाय मात्र तळातून कुजले. कापलेल्या टोकातून लाकूड नळीसारखं पाणी ओढतं. नवे पाय बसवताना सुतारकाकांनी ते रात्रभर तेलाच्या वाट्यांत उभे ठेवायला लावले. सकाळी वाट्या जवळपास रिकाम्या! आता प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा असतो. पावसाळ्यात प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. पडवीत ओढून ठेवता आला तर उत्तमच.

दिवाळीच्या सुमारास बैठकीवर पाण्याचा थेंब टाकून बघा. उभा राहिला तर ठीक, मुरून डाग पडला तर एक हात द्या. रंग राखाडी झाला तर घाबरू नका, तो उन्हाने होतो, लाकूड कुजलेलं नसतं.

आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. बाहेर दोरीवर सुटी पसरून कडक वाळू द्या, मगच फेका.