‘तीन वर्षांपर्यंत’ म्हणजे नेमकी किती?

प्रश्न: आमच्याकडे मोबाईल चोरीच्या दोन खटल्यांत एकाला तीन महिने, दुसऱ्याला दोन वर्षे झाली. कलम एकच. शिक्षेचा ठरलेला तक्ता का नसावा? (वाचक, जि. सातारा)

उत्तर: आधी दोन्ही निकालपत्रांची शेवटची पाने वाचा. पहिल्याचे तीन महिने हे कच्च्या कैदेत काढलेलेच दिवस असू शकतात. दुसऱ्याला चोरीत पूर्वी शिक्षा झालेली असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली किमान १ आणि कमाल ५ वर्षे सक्तमजुरी आहे. पहिल्या वेळेला मात्र तळ नाही, ३ वर्षांची वरची मर्यादा तेवढी आहे. माल ५,००० रुपयांच्या आतला असेल आणि परत केला असेल, तर पहिल्या गुन्ह्याला समाजसेवेवर भागते.

हे सगळे जुळूनही फरक उरला, तर तुमची तक्रार रास्त आहे. फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवणाऱ्या मलिमठ समितीने २००३ मध्ये शिक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वे मागितली, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राला शिक्षेच्या धोरणाचा विचार करायला सांगितले. इंग्लंडमध्ये २०१० पासून त्यासाठी स्वतंत्र परिषद आहे. तिथे न्यायाधीश आधी दोष किती आणि हानी किती ते ठरवतो, त्यावरून सुरुवातीचा आकडा घेतो, मग तो वर-खाली करतो. पहिल्याच टप्प्याला कबुली दिली तर एक तृतीयांश सूट. चौकट मोडता येते, पण कारण लिहावे लागते. आम्हाला ही पद्धत पटते, निव्वळ तक्ता नाही.

तक्ता काय करतो ते अमली पदार्थांच्या कायद्यात बघा. हेरॉइन २५० ग्रॅमच्या वर गेले की किमान १० वर्षे, आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार वजन भेसळीसकट. पाकिटातल्या २६० ग्रॅमपैकी बरीचशी दुसरीच भुकटी असली, तरी ते पोचवणारा पोऱ्या दहा वर्षांच्या खाली येत नाही. जवळजवळ शुद्ध २४० ग्रॅम बाळगणाऱ्याला मात्र १० वर्षे ही कमाल!

प्रश्न: पुतण्या २० वर्षांचा आहे, खटला जबर दुखापतीचा. दोषी ठरला तर शिक्षेच्या सुनावणीत काय करायचे?

उत्तर: ही सुनावणी बहुतेक वेळा पाच मिनिटांत आटोपते. ‘म्हातारे आईबाप आहेत, दया करावी’ एवढे तोंडी सांगून वकील खाली बसतात. कागदावर काही राहत नाही, मग अपिलात काय दाखवणार? म्हणून लेखी अर्ज द्या, लागल्यास मुदत मागा. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, शिक्षण किंवा कामाचा पुरावा आणि जखमीच्या उपचाराचे पैसे दिले असतील तर त्या पावत्या जोडा.

जबर दुखापतीच्या, न्याय संहितेतल्या कलम ११७(२) ला कमाल ७ वर्षे आहेत, जन्मठेप नाही. म्हणून १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचे (तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याचा कायदा) कलम ६ लागू होते. एकवीसच्या आतल्याला तुरुंगात पाठवण्याआधी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो, आणि तरीही कैद दिली तर कारणे नोंदवायची असतात. एका ओळीत उरकलेली कारणे हा अपिलातला पहिला मुद्दा. वय पाहतात ते खालच्या कोर्टात दोषी ठरण्याच्या दिवशीचे, गुन्ह्याच्या दिवशीचे नव्हे. तारखांवर तारखा पडून मुलगा एकवीस ओलांडतो आणि मग त्याच कायद्याचे, हमीवर सोडण्याचे कलम ४ तेवढे उरते. ते न्यायालयाच्या मर्जीवर.

आदेशात दोन गोष्टी तपासा: कच्च्या कैदेचे दिवस वजा केले आहेत का, आणि कलमे अनेक असतील तर शिक्षा एकाच वेळी भोगायच्या की एकामागून एक.

प्रश्न: आरोपीला फारच कमी शिक्षा झाली. आम्ही फिर्यादी, अपील करू का?

उत्तर: शिक्षा वाढवण्यासाठी नाही. पीडिताला निर्दोष सुटका, सौम्य कलमाखाली शिक्षा किंवा अपुरी भरपाई या तीनच कारणांवर अपील आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते स्पष्ट केले. शिक्षा अपुरी म्हणून अपील शासन करते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम ४१८ खाली. निकालाची प्रत जोडून सरकारी वकिलांकडे याच आठवड्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, कारण अपिलाची मुदत थांबत नाही.