'अप्रतिम'च्या पुढे काय लिहायचं?

ऐकलेल्या संगीताबद्दल कसं लिहायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नुसतं 'अप्रतिम', 'अंगावर काटा आला' लिहून थांबू नका, काटा नेमका कुठे आला ते लिहा. आणि रेकॉर्डिंग कुठल्या वर्षीचं ते तर हवंच हवं. ग्लेन गूल्ड या पियानोवादकाचंच बघा ना, जर्मन संगीतकार बाखचं गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (एक मूळ तुकडा आणि त्याची बदलत जाणारी रूपं) त्याने १९५५ ला रेकॉर्ड केलं आणि परत १९८१ ला, पियानो वाजवणारा तोच, रचनाही तीच, पण पहिलं साधारण ३८ मिनिटांत संपतं आणि दुसरं ५१ च्या आसपास जातं. सुरुवातीचा आरिया, म्हणजे तो मूळ तुकडा, दोन्हींतला लागोपाठ ऐका, १९८१ मध्ये तो इतका सावकाश वाजवतो की एकेक सूर विझेपर्यंत आपण त्याच्याबरोबर थांबतो (मला हेच जास्त आवडतं, पण पहिल्याचा वेग आवडणारेही खूप आहेत आणि त्यांचंही बरोबरच आहे). मागे तो गुणगुणतो तेही ऐकू येतं, त्रास झाला तर तसं बिनधास्त लिहा. संगीताची थिअरी येत नाही म्हणून अडून राहू नका. फक्त लिहायच्या आधी दोन-तीनदा ऐका, आणि एकदा तरी मोबाईल बाजूला ठेवून.