मे महिन्यात लहान मुलं आणि आई-बाबांना घेऊन रत्नागिरीला जातोय, हातात दोनच दिवस आहेत. शहरात बघण्यासारखं काही आहे का, की सरळ गणपतीपुळ्यालाच मुक्काम करावा?

माझं माहेर रत्नागिरी, खालची आळी. त्यामुळे "शहरात काही आहे का" हे मला शांतपणे वाचता येत नाही, सॉरी. लग्न होऊन पुण्याला आल्यापासून हेच ऐकतेय आणि ऐकवणारा माणूस बहुतेक वेळा एकच, आमचे थोरले दीर. भाऊजी वाईट नाहीत हं, कुटुंबासाठी धावून जाणारा माणूस आहे, पण सहलीला निघाले की त्यांच्या अंगात ऑडिटर संचारतो.

तुमच्यासारखाच घोळका घेऊन आम्ही एका मे महिन्यात गेलो होतो. भाऊजी, जाऊबाई, त्यांची दोन मुलं, आमची एक, सासूबाई आणि आम्ही दोघं. मुक्काम अर्थात माझ्या माहेरी. भाऊजींनी निघायच्या आधीच फॅमिली ग्रुपवर यादी टाकली होती, टिळक जन्मस्थान, थिबा पॅलेस, रत्नदुर्ग, दीपगृह, पतितपावन मंदिर, भाट्ये, मत्स्यालय, मांडवी, आणि प्रत्येकापुढे मिनिटं. थिबा पॅलेसपुढे वीस मिनिटं! ब्रह्मदेशाच्या ज्या थिबा राजाला मंडालेहून उचलून आणून इथे मरेपर्यंत ठेवला त्याला वीस मिनिटं. माझ्या बाबांनी ती यादी चष्मा वर करून वाचली आणि फक्त "बरं" म्हणाले. कोकणातल्या माणसाचं "बरं" म्हणजे काय ते ज्याला कळतं त्याला कळतं, भाऊजींना कळलं नाही.

पहिल्या दिवशी सगळे आरामात नाश्ता करून दहाला बाहेर पडले. इथेच खरं तर दिवस संपला होता. पुण्याच्या लोकांचा एक घोळ होतो, मोबाईलवर रत्नागिरी तेहेतीस दाखवतो आणि पुणे अडतीस-एकोणचाळीस, म्हणजे तिकडे गार असणार असं वाटतं. अहो, दमट हवेतले तेहेतीस ते! घाम येतो पण वाळत नाही, आणि सावली सोडून दहा पावलं गेलं की माणूस चिडायला लागतो. टिळक आळीत लोकमान्यांचं घर बघेपर्यंत सगळे बरे होते, घर जुनं, कौलारू, आत गार. थिबा पॅलेसला मुलांची कुरकुर सुरू झाली. आणि साडेबाराला, भर साडेबाराला, भाऊजींनी गाड्या रत्नदुर्गावर घातल्या. किल्ल्यावर गाडी बऱ्यापैकी वर जाते, पण पुढे पायऱ्या आहेत आणि पायाखाली जांभा दगड, तो असा तापतो की भगवतीच्या देवळापाशी चपला काढल्यावर माझी पुतणी अक्षरशः नाचत आत गेली. पुतण्याला उलटी झाली. सासूबाई गाडीतच बसून होत्या, एसी लावून, काच वर करून. समोर तीन बाजूंनी समुद्र, घोड्याच्या नालेच्या आकाराचा किल्ला, बोटी दिसतायत, आणि आमच्यातला एकही माणूस समुद्राकडे बघत नव्हता, सगळे पाण्याची बाटली कोणाकडे आहे ते बघत होते. भाऊजींनी दीपगृहाचा लांबून फोटो काढला आणि यादीत टिक केली.

दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या किनाऱ्यावरून पुळे म्हणजे गणपतीपुळे, मालगुंड, जयगड असा बेत. सासूबाई म्हणाल्या मी येत नाही, तुम्ही जा. भाऊजींनी खूप समजावलं, "आई, एवढ्या लांब आलीयेस तर गणपती नको का बघायला?" तर म्हणाल्या गणपती मला घरी पण दिसतो. मी त्यांच्यासोबत थांबले, आणि खरं सांगते, त्या दिवसाबद्दल मी अजून कोणालाही ऐकवू शकते.

सकाळी आईने घावन आणि नारळाचा रस केला. मग सासूबाई मागच्या पडवीत पंख्याखाली आडव्या झाल्या त्या चारपर्यंत. चारला चहा झाल्यावर बाबांनी त्यांच्या ओळखीचा रिक्षावाला बोलावला, आणि आम्ही तिघं परत थिबा पॅलेसला. आदल्या दिवशीचाच पॅलेस! पण या वेळी घाई नाही. सासूबाई प्रत्येक खोलीत थांबत होत्या, भिंतीला हात लावून गार लागतंय म्हणत होत्या, वरच्या मजल्यावरच्या त्या अर्धगोल लाकडी खिडक्यांपाशी तर बराच वेळ. बाबा सांगत होते. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, १८८५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं, १८८६ मध्ये त्याला इथे आणून ठेवला, हा राजवाडा बांधून होईपर्यंत १९१० उजाडलं आणि १९१६ मध्ये तो गेला, म्हणजे त्याचं इथलं बहुतेक आयुष्य साध्या बंगल्यातच गेलं, वाडा मिळाला तेव्हा हातात सहा वर्षं उरली होती. राणी नंतर रंगूनला परत गेली. थोरल्या राजकन्येचं वाड्यावरच्याच सावंत नावाच्या माणसाशी जुळलं, आणि त्यांची मुलगी, म्हणजे राजाची सख्खी नात, मराठी बोलत रत्नागिरीतच म्हातारी झाली. सासूबाई थक्क. "काल हे कोणी सांगितलंच नाही," म्हणाल्या. काल सांगायला वेळ कुठे होता, काल वीस मिनिटं होती.

मग विचारतात, "पण इंग्रजांनी त्याला इथेच का आणला हो?" बाबा म्हणाले, "विहीणबाई, तेव्हा इथे यायला धड रस्ता नव्हता, पळून जाईल कुठे. पुढे सावरकरांनाही इथेच ठेवले, १९२४ ते १९३७. राजाला तीस वर्षं ठेवला, सावरकरांना तेरा, तुमच्या थोरल्याचं मात्र दोन दिवसांत आटपतं." सासूबाई एवढ्या हसल्या की तिथल्या रखवालदाराने वळून बघितलं.

तिथून थिबा पॉइंट, खाली काजळी नदी, भाट्याची खाडी, पूल आणि पलीकडे समुद्र. मग उतरून मांडवी. काळी वाळू, कठड्यावर बसायला जागा, भेळेच्या गाड्या, समोर रत्नदुर्ग. सासूबाईंनी भेळ खाल्ली, वर आईस्क्रीम पण खाल्लं, डायबेटिस असताना. रात्री नऊला बाकीचे परत आले ते भाजून निघालेले, पुळ्याला रांग, मालगुंडचं केशवसुत स्मारक बाहेरूनच, जयगडला पोचेपर्यंत मुलं झोपलेली. तरी भाऊजी म्हणतात, "चला, रत्नागिरी झाली." आजही कुठे विषय निघाला की रत्नागिरी दोन तासांत होते, एसटी स्टँड आणि आंबे, बाकी काय आहे, हे ठरलेलं.

हाच माणूस नंतर बार्सिलोनाला गेला होता. तिथे समुद्रावर एका बाकावर तीन तास नुसता बसला, फोटो ग्रुपवर, खाली लिहिलंय "लाइफ". तिकडे दुपारी दुकानं बंद असली की ते कल्चर, आणि रत्नागिरीत दुपारी दुकान बंद दिसलं की कोकणी माणूस आळशी. आणि हे बोलणार कोण, तर पुणेकर!

असो. तुमचा प्रश्न.

मुक्काम शहरातच करा. पुळे रत्नागिरीपासून आरे-वारेच्या रस्त्याने साधारण पंचवीस किलोमीटर आहे, सकाळी लवकर निघून दर्शन घेऊन जेवायच्या वेळेला परत येता येतं. उलट पुळ्याला राहिलात तर दर्शन आणि समुद्र झाला की मुलं विचारणार आता काय, आणि आई-बाबांना रात्री काही झालं तर डॉक्टर, मेडिकल सगळं शहरातच. जाताना आरे-वारेला वरून बघायला थांबा, खाली मुलांना पाण्यात सोडू नका. पुळ्यालाही नाही. किनारा उतरता आहे, पाणी ओढतं, बाहेरून आलेले लोक तिथे बुडाल्याच्या बातम्या आम्ही लहानपणापासून वाचत आलोय. पाण्यात खेळायचंच असेल तर भाट्ये बरं, सपाट आहे, सुरूची झाडं आहेत, पण तिथेही घोट्यापर्यंत. खाडीच्या तोंडाशी तर अजिबात नको.

समुद्रावर कधी जायचं ते गुगलला नाही, कॅलेंडरवरच्या तिथीला विचारा. आमच्याकडे लहान पोरांनाही येतं हे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे अष्टमी-नवमीला संध्याकाळी वाळू अगदी थोडी मिळणार, मांडवीला पाणी जवळ आलेलं असेल. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरती अकरा-बाराला होऊन जाते, संध्याकाळी भरपूर वाळू मिळते, मुलांना किल्ले करायला तेच दिवस चांगले. फक्त तेव्हा ओढ पण जास्त असते.

दुपारी अकरा ते चार बाहेर पडायचं नाही. हे मी सल्ला म्हणून नाही, अट म्हणून सांगतेय. फारच कंटाळा आला तर मुलांना झाडगावच्या मत्स्यालयात न्या, छपराखाली आहे, चकचकीत नाही पण देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, माझी मुलगी त्याच्या जबड्यापासून हलायला तयार नव्हती. सकाळी मुलं लवकर उठत असतील तर मिरकरवाड्याला बोटी आल्या की न्या, मासळीचा लिलाव बघायला मिळेल. वास येतो. येणारच, मासे आहेत. आई-बाबा शाकाहारी असतील तर त्यांना त्या वेळी पतितपावन मंदिरात सोडा. १९३१ मध्ये भागोजीशेठ कीरांनी पैसे घालून बांधलं, सावरकरांच्या पुढाकाराने, कुठल्याही जातीच्या माणसाला थेट गाभाऱ्यापर्यंत जाता यावं म्हणून. त्या काळात हे किती मोठं होतं ते तुमच्या बाबांना सांगावं लागणार नाही.

रत्नदुर्ग पाचनंतर. दीपगृह पलीकडच्या टोकाला आहे आणि आत ठरावीक वेळेतच सोडतात, तेव्हा आधी विचारून घ्या. नाही जमलं तर नाही जमलं.

दोन दिवसांत सगळं होईल का? नाही होणार, आणि नाही झालं तरी चालेल, पावस राहील, पूर्णगड राहील, राहू दे. तुमच्या घरात पण कोणीतरी यादीवाला असेलच, त्याला आरे-वारेच्या रस्त्यावर गाडी चालवायला द्या म्हणजे तो बिझी राहील.

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. मी माहेरवाशीण आहे, आमच्याकडे रिक्षावाला घरचा, जेवण आईच्या हातचं, तुम्हाला हॉटेलात हे सगळं तसंच मिळेल असं नाही. जेवण बरं मिळतं, पण बोर्डावर "मालवणी" बघून भुलू नका, रत्नागिरी म्हणजे मालवण नाही, घरगुती खानावळ शोधा आणि सकाळीच सांगून ठेवा, ऐनवेळी गेलं की संपलेलं असतं. एक जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, त्यामुळे मे अखेरीला जात असाल तर मासे आणि बंदर दोन्ही आधी उरका. ट्रेनने येणार असाल तर स्टेशन शहरापासून बरंच बाहेर आहे, रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा. आंब्याची पेटी हायवेवरच्या स्टॉलवरून घेऊ नका, परजिल्ह्यातला आणि कर्नाटकातला माल हापूस म्हणून सर्रास खपवतात, कोणा बागवाल्याची ओळख काढा, मुक्कामाच्या ठिकाणी विचारलंत तरी मिळेल. आणि तुमच्या तारखांमध्ये अंगारकी येत असेल तर त्या दिवशी पुळ्याचा नाद सोडा, पार्किंग शोधण्यातच दुपार होईल.