वापरणाऱ्या कंपन्यांची यादी: नाव कंपनीकडूनच यायला हवं

प्रश्न असा आहे: इश्यू (अडचणी) नोंदवणाऱ्यांच्या ईमेलवरून काही मोठ्या कंपन्या तुमची ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येणारा तयार कोड, वापरतात असं दिसतंय, तर त्यांचे लोगो थेट रीडमीत (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) टाकावेत का?

टाकू नका. ईमेलवरून एवढंच कळतं की तिथल्या कुणीतरी ती चालवून पाहिली. कंपनी ती प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामात, वापरते असा अर्थ त्यातून निघत नाही. शिवाय लोगो हा ट्रेडमार्क असतो. एमआयटी किंवा अपाची 2.0 या ओपन सोर्स परवान्याखाली त्यांनी कोड घेतला म्हणून त्यांचा लोगो मिरवायचा हक्क तुम्हाला मिळत नाही, आणि वापर जाहीर करायचं बंधन त्यांच्यावरही येत नाही.

रुळलेली पद्धत म्हणजे रिपॉझिटरीत (प्रकल्पाचा कोड जिथे ठेवतात तिथे) ‘अडॉप्टर्स’ नावाची मार्कडाउन (साध्या खुणांनी मांडणी करायची पद्धत) फाइल ठेवायची आणि कंपनीच्याच माणसाला पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, पाठवायला सांगायचं. अर्गो सीडी या ओपन सोर्स प्रकल्पात या फाइलचं नाव ‘युजर्स’ आहे, अपाची एअरफ्लो या दुसऱ्या प्रकल्पात ‘इन द वाइल्ड’. दोन्हीकडे प्रत्येक ओळ ‘1.’ नेच सुरू होते. पानावर दाखवताना मार्कडाउन आकडे आपोआप क्रमाने लावतं, त्यामुळे मधेच नवी कंपनी घातली तरी बाकीच्या ओळी बदलत नाहीत आणि डिफ (काय बदललं ते दाखवणारा फरक) एका ओळीचाच राहतो. यादी वर्णक्रमाने लावा. सगळेच शेवटी ओळ जोडायला लागले की मर्ज कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांचे बदल भिडणं) ठरलेला.

ओळीत नाव, दुवा, कशासाठी वापरतात, चाचणीत आहे की प्रॉडक्शनमध्ये आणि कोणत्या वर्षापासून, एवढं पुरे. आवृत्ती मात्र विचारू नका. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली सुरक्षा त्रुटी बाहेर आली तेव्हा कोण काय चालवतंय हे हुडकायला हल्लेखोरांनी जगभर स्कॅनिंग सुरू केलं होतं. ती माहिती आपण आयती कशाला द्यायची?

खरी अडचण फाइलची नसते, परवानगीची असते. डेव्हलपर तयार असतो, पण लीगल किंवा मार्केटिंगकडून होकार यावा लागतो. म्हणून त्याला पुढे पाठवता येईल असा दोन ओळींचा मजकूर तयार द्या: नेमकं काय छापणार, कुठे दिसणार, काढून टाकायचं असेल तर कुणाला कळवायचं. लोगो मागू नका, नुसत्या नावाला होकार लवकर मिळतो. बँका आणि सरकारी संस्था बहुधा नाव देत नाहीत. त्यांची संमती असेल तर ‘एक खासगी बँक’ अशी ओळही चालते. विचारायची योग्य वेळ म्हणजे त्यांचा बग सुटल्यावर किंवा नव्या आवृत्तीच्या रिलीज नोट्समध्ये.

मथळ्यात ‘यांचा आमच्यावर विश्वास’ असं लिहू नका, ती शिफारस वाटते. ‘या संस्थांनी वापर स्वतः कळवला आहे’ हे खरंही आहे आणि पुरेसंही. पुढे सीएनसीएफमध्ये (ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणारी क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन ही संस्था) प्रकल्पाला वरच्या टप्प्यावर न्यायचं असेल, तर त्यांची तांत्रिक समिती वापरकर्त्यांशी थेट बोलते. तिथे फुगवलेली यादी उघडी पडते. प्रॉडक्शनमध्ये खरोखर वापरणाऱ्या चार-पाच संस्था असतील तर त्यांचं वजन जास्त.

वर्षातून एकदा दुवे तपासा. कंपन्या विकल्या जातात, नावं बदलतात. कुणी नाव काढायला सांगितलं तर कारण न विचारता लगेच काढा. मात्र गिटच्या (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात जुनी ओळ राहते, हे पुल रिक्वेस्टच्या साच्यात आधीच लिहून ठेवा. नंतर एका नावासाठी इतिहास बदलून फोर्स पुश केलात (तो रिपॉझिटरीवर जबरदस्तीने लादलात), तर सगळ्यांचे क्लोन आणि फोर्क, म्हणजे इतरांनी घेतलेल्या प्रती, मूळ रिपॉझिटरीशी जुळेनासे होतात, आणि ती ओळ जुन्या फोर्कमध्ये राहतेच.